एकोणसत्तरातला एक गुण

माझ्याकडे दोनशे पानी एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर सात जणांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे एक विषय. जागा, पाणी, वीज, माल, हवा अशी विभागणी आहे. मागच्या पानावर सहा जणांचे परीक्षेचे निकाल लिहिले आहेत. सात जणांनी अभ्यास केला आणि सहा जण परीक्षेला बसले. मधला एक कुठे गेला, याचा शोध घेता घेता मी हरित इमारतींच्या मानांकनाच्या इतिहासात शिरलो. हा लेख त्या शोधाचा हिशेब आहे.

आधी माझ्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मी वास्तुविशारद नाही, पदवीधर अभियंताही नाही. आयटीआयमधून वायरमन झालो, परवाना मिळवला, पुढे सुपरवायझरची परीक्षा दिली. पुण्यातल्या एका बांधकाम सल्लागार कार्यालयात विजेचे नकाशे तपासण्याचे काम करत होतो. वाचनाची सवय होती, कागद जपून ठेवण्याची खोड होती. त्यापलीकडे या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही.

२०११च्या पावसाळ्यानंतर आमच्या कार्यालयाने ठरवले की, शक्य तितक्या लोकांनी 'लीड ग्रीन असोसिएट' ही परीक्षा द्यावी. परदेशी कंपन्यांची कामे मिळवायची तर निविदेत अशा प्रमाणपत्रधारकांची संख्या दाखवावी लागे. दर शनिवारी दुपारी दोननंतर आम्ही बैठकीच्या खोलीत जमू लागलो. दोन वास्तुविशारद, नकाशे काढणाऱ्या एक बाई, वातानुकूलनाचे एक अभियंते, खरेदी विभागातले एक कारकून, मी आणि मामा. मामा म्हणजे आमच्याच इमारतीतला सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट आणि पंप सांभाळणारे गृहस्थ. मूळचे बार्शीकडचे, वयाने आमच्यात सर्वांत मोठे. त्यांना बोलवा असे मीच सुचवले होते, कारण पाण्याच्या प्रकरणातले आम्हाला कोणालाच नीट कळत नव्हते.

टेबलाभोवतीची कल्पना

इमारतीला गुण देण्याची पद्धत फार जुनी नाही. १९७३च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांत इमारती किती इंधन खातात याची मोजदाद सुरू झाली. इंग्लंडमध्ये वॉटफर्डजवळच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेने १९९० साली 'ब्रीम' ही मानांकन पद्धत आणली. तिच्या मागोमाग १९९३ साली अमेरिकेत डेव्हिड गॉटफ्रीड, माइक इटालियानो आणि रिक फेड्रिझी यांनी यू. एस. ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन केली. तिची पहिली बैठक वॉशिंग्टनला अमेरिकन वास्तुविशारद संस्थेच्या सभागृहात झाली.

या संस्थेची घडण लक्षात घेण्यासारखी आहे. अशा संस्था सहसा एका व्यवसायाच्या असतात. वास्तुविशारदांची एक, अभियंत्यांची दुसरी, ठेकेदारांची तिसरी. इथे वास्तुविशारद, अभियंते, बांधकाम कंपन्या, माल बनवणारे कारखाने आणि पर्यावरणवादी संघटना एकाच टेबलाभोवती आल्या. नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या एका संघटनेतले रॉबर्ट वॉटसन यांनी मानांकन ठरवणाऱ्या समितीची धुरा बरीच वर्षे वाहिली. कारण उघड होते. खिडकी मोठी केली की दिवे कमी लागतात, पण ऊन आत आले की एसी वाढतो. काच बदलली की एसी कमी होतो, पण खर्च वाढतो. खिडकी वास्तुविशारदाची, दिवे माझ्यासारख्याचे, एसी तिसऱ्याचा आणि काच खरेदी विभागाची. चौघे एकत्र बसल्याशिवाय या गणिताचे उत्तर निघत नाही.

'लीड' म्हणजे 'लीडरशिप इन एनर्जी अँड एन्व्हायर्नमेंटल डिझाइन' ही पद्धत १९९८ साली प्रायोगिक रूपात आली आणि २००० साली तिची दुसरी, सर्वत्र वापरली गेलेली आवृत्ती निघाली. तिच्यात एकूण ६९ गुण होते. जागेचे १४, पाण्याचे ५, वीज आणि वातावरणाचे १७, मालाचे १३, आतल्या हवेचे आणि उजेडाचे १५ आणि नावीन्याचे ५. किमान २६ गुण मिळाले तर नुसते प्रमाणपत्र, ३३ला रौप्य, ३९ला सुवर्ण आणि ५२च्या पुढे प्लॅटिनम. शिवाय काही अटी बिनगुणांच्या, पण सक्तीच्या होत्या.

आता नावीन्याच्या त्या पाच गुणांकडे पाहू. त्यांतले चार खरोखरच नव्या कल्पनांसाठी होते. पाचवा गुण इमारतीसाठी नव्हताच. प्रकल्पाच्या मुख्य कामकऱ्यांत एक तरी 'लीड अधिस्वीकृत व्यावसायिक' असेल, तर तो मिळे. या व्यावसायिकांची परीक्षा २००१ साली सुरू झाली.

बाकीचे ६८ गुण अनेकांनी मिळून कमवायचे होते. हा एक गुण मात्र एका माणसाच्या खिशातल्या प्रमाणपत्राचा होता. आमच्या वहीत या ओळीखाली मी तेव्हा लाल रेघ मारली आहे. 'परीक्षेला हमखास येते' एवढाच त्या रेघेचा अर्थ होता. तिचा खरा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

हैदराबादची गोल इमारत

भारतात ही पद्धत आली ती भारतीय उद्योग महासंघाच्या वाटेने. महासंघाने २००१ साली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन केली आणि हैदराबादेत स्वतःच एक नमुना इमारत उभारायला घेतली. आंध्र प्रदेश सरकार, महासंघ आणि गोदरेज घराण्याचा पिरोजशा गोदरेज प्रतिष्ठान हा न्यास यांचा तो एकत्रित उपक्रम होता, आणि अमेरिकी मदत संस्थेचे तांत्रिक साहाय्य त्याला लाभले. निसर्गरक्षणासाठी आयुष्यभर धडपडलेल्या सोहराबजी गोदरेज यांचे नाव इमारतीला दिले गेले. वास्तुविशारद होते बडोद्याचे करण ग्रोव्हर. अमेरिकेबाहेर लीड प्लॅटिनम मिळवणारी ही पहिली इमारत ठरली. १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

मी ती २०१६ साली पाहिली. सुमारे २०,००० चौरस फुटांची गोलाकार इमारत, मधोमध अंगण, भिंतींना जाळ्या, छपरावर हिरवळ, हवा थंड करून आत सोडणारे मनोरे आणि वर सौर पट्ट्या. आपल्याकडच्या वाड्याचा चौक आठवावा अशी अंगणाची रचना आहे. सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळून पुन्हा वापरले जाते. पाहता पाहता मी मनात मोजत होतो: जाळी कोरणारा एक, छपरावर माती टिकवणारा दुसरा, पाण्याचा उतार धरणारा तिसरा, पट्ट्या जोडणारा चौथा. गुणपत्रकाची एकेक ओळ म्हणजे एकेका कारागिराचा हात होता.

या इमारतीने एक मोठे काम केले. असे काहीतरी आपल्याकडे होऊ शकते हा विश्वास तिने दिला. त्यानंतर पुण्या-मुंबईतही अशी कामे वाढली. हडपसरला क्रिस्टोफर बेनिंजर यांनी आखलेल्या सुझलॉनच्या 'वन अर्थ' या कार्यालयाचा बोलबाला आम्ही अभ्यासाला बसलो तेव्हा ताजा होता.

परीक्षा मोठी होत गेली

इमारतींबरोबर परीक्षाही वाढत गेली. सुरुवातीला एकच परीक्षा होती. २००८ साली तिच्यासाठी वेगळी संस्था निघाली आणि २००९पासून पायऱ्या पडल्या. खालची पायरी ग्रीन असोसिएट, वरची विशेष शाखेसह अधिस्वीकृत व्यावसायिक. ग्रीन असोसिएटला दोन तासांत १०० प्रश्न, २००पैकी १७० गुणांना उत्तीर्ण. प्रमाणपत्र टिकवायचे तर दर दोन वर्षांनी खालच्या पायरीला १५ आणि वरच्या पायरीला ३० तासांचे शिक्षण दाखवायचे. एका अर्थी हे योग्यच होते, कारण शास्त्र बदलते. पण नावापुढे लागणारी अक्षरे हा हळूहळू एक स्वतंत्र व्यवहार झाला.

त्या काळी अर्जासोबत पात्रतेचा पुरावा लागे. लीडच्या प्रकल्पातला सहभाग, या क्षेत्रातली नोकरी किंवा एखादा अभ्यासक्रम. आमच्यासाठी कार्यालयाचे पत्र पुरेसे होते.

आमचा अभ्यास मात्र मूळ कल्पनेला धरून झाला. ज्याचे काम त्याने शिकवायचे, असा नियम होता. खरेदीचे कारकून माल या प्रकरणाचे गुरुजी झाले. ५०० मैलांच्या आत काढलेला आणि बनवलेला माल 'स्थानिक' धरला जातो, हे वाचून ते हसले. पाचशे मैल म्हणजे आठशे किलोमीटर. पुण्याहून नागपूर, अहमदाबाद, हैदराबाद सगळेच स्थानिक! पण कोणत्या सिमेंटमध्ये राख किती आणि कोणती फरशी नेमकी कुठून येते, हे त्यांना तोंडपाठ होते. नकाशाच्या बाईंनी उन्हाचे कोन शिकवले. इंग्रजी शब्दांना आम्ही आमचे शब्द केले. 'हीट आयलंड'ला वहीत 'तापलेली गच्ची' लिहिले आहे. 'कमिशनिंग'ला लिहिले आहे, 'चालू करून, ताबा देण्याआधी, सगळ्यांसमोर तपासणे'.

पाण्याच्या प्रकरणाला मामा उभे राहिले. ते फळ्याकडे गेले नाहीत, आम्हालाच तळघरात घेऊन गेले. शुद्धीकरणाच्या टाकीत तळाशी हवा सोडतात, त्या हवेवर जिवाणू जगतात, तेच घाण खातात आणि पाणी स्वच्छ होते, हे त्यांनी टाकीच्या काठावर उभे राहून सांगितले. हे पाणी मग संडासाच्या टाक्यांना आणि बागेला जाते. पुस्तकात याला एक गुण होता: सांडपाणी वाहून नेण्यासाठी लागणारे पिण्याचे पाणी निम्म्याने कमी केले की एक गुण.

म्हणजे मामांच्या टाकीला एक गुण आणि प्रमाणपत्रवाल्या माणसालाही एकच. त्या दिवशी आम्ही यावर विनोद केला होता.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कार्यालयाने सहा पत्रे दिली. मामा ठेकेदाराच्या हजेरीपटावर होते, कार्यालयाच्या नव्हते. त्यामुळे त्यांना पत्र देता येत नाही, असे सांगण्यात आले. शिवाय परीक्षा इंग्रजीत, संगणकावर. "त्यांना झेपणार आहे का?" असे कोणीतरी म्हणाले. मी गप्प बसलो. मामांना बोलावणारा मीच होतो, आणि त्या खोलीत ठेकेदारी कामगाराची बाजू मांडू शकेल असा, स्वतः हाताने काम केलेला, मी एकटाच होतो. तरीही बसलो. मामा पुढच्या शनिवारी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "तुम्ही करा भाऊ, तुमचं चांगलं होऊ द्या. मला प्लांट सोडून फार वेळ बसता येत नाही." त्यानंतर ते आले नाहीत.

सहांपैकी चौघे पहिल्या फेरीत उत्तीर्ण झाले. मला १६४ गुण मिळाले, सहा कमी. पाण्याच्या प्रश्नांवर मी चुकलो नव्हतो. दुसऱ्या खेपेला झालो. कार्यालयाच्या स्वागतकक्षात आमची नावे फ्रेम करून लागली.

फ्रेम लागल्यानंतर

दीड-दोन वर्षांनी संडासांना वास येऊ लागल्याच्या तक्रारी आल्या. आमची इमारत जुन्या, ६९ गुणांच्या पद्धतीने मानांकित होती आणि तिचा फलक दारात होता. झाले असे होते की, विजेचे बिल कमी करण्यासाठी कोणीतरी शुद्धीकरणाचा ब्लोअर रात्री बंद ठेवण्याचा हुकूम दिला होता. हवा थांबली, जिवाणू मेले, पाणी कुजले. वास थांबवण्यासाठी मग एक व्हॉल्व्ह उघडला गेला आणि संडासांच्या टाकीत महापालिकेचे पिण्याचे पाणी भरू लागले. वास गेला, तक्रारी गेल्या. फलक जागेवरच राहिला.

मामांनी ब्लोअर बंद करायला विरोध केला होता, हे मला नंतर कळले. ते मला म्हणाले, "ती टाकी म्हणजे दुभतं जनावर आहे भाऊ. रात्री वैरण बंद करायची आणि सकाळी दूध मागायचं, कसं जमेल?" त्यांचे ऐकण्याचे कारण कोणाला वाटले नाही. हुकूम देणाऱ्याचे नाव स्वागतकक्षातल्या फ्रेमवर होते.

हा दोष आमच्या एकट्या इमारतीचा नव्हे. अमेरिकेतल्या न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूटने २००८ साली १२१ लीड इमारतींचा प्रत्यक्ष वीजवापर तपासला. सरासरीने त्या देशातल्या इतर इमारतींपेक्षा सुमारे २४ टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. पण सरासरीच्या आत मोठी तफावत होती. काही इमारती अंदाजापेक्षा खूपच चांगल्या चालत होत्या, तर काही अंदाजापेक्षा खूपच जास्त ऊर्जा खात होत्या. या अभ्यासावरही पुढे बरेच वाद झाले, ते इथे बाजूला ठेवू. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की, नकाशावर मिळालेला गुण चालत्या इमारतीत आपोआप टिकत नाही. तो रोज टिकवावा लागतो, आणि टिकवणारी माणसे वेगळी असतात.

हाताची दखल

मग मी मागे वळून माझ्याच व्यवसायाचा कायदा पाहिला. १९५६च्या भारतीय वीज नियमांतला ४५वा नियम आम्हा वायरमनांना पाठ असतो. विजेचे काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यायचे, ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली व्हायचे आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा. तीन पायऱ्या आणि तिन्ही आवश्यक. सही करणाऱ्याची पात्रता पुरेशी नाही, पक्कड धरणाऱ्याचीही हवी, हे त्या नियमाने मान्य केले आहे. अपघाताच्या भीतीने का होईना, कायद्याने हाताची दखल घेतली. नव्या नियमावलीतही ही रचना टिकून आहे.

आपल्याकडच्या ऊर्जाबचतीच्या चळवळीत असे धागे आहेत, नाही असे नाही. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर ऊर्जा लेखापरीक्षकांची राष्ट्रीय परीक्षा २००४पासून सुरू झाली, तीही पदवी-पदविकावाल्यांचीच. २००९ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने कार्यालयीन इमारतींना तारे द्यायला सुरुवात केली, ते मात्र प्रत्यक्ष बिलावरून, दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिटे जळली यावर. ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण त्या बिलात प्लांट चालवणाऱ्याचे कामही उतरते.

दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने घडवलेली आणि केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने २००७ साली स्वीकारलेली 'ग्रिहा' ही आपली देशी पद्धत आणखी एक पाऊल पुढे गेली. तिच्या सुरुवातीच्या ३४ निकषांत एक निकष बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेचा आणि स्वच्छतेच्या सोयींचा होता. ज्या अमेरिकी गुणपत्रकावरून आम्ही अभ्यास केला, त्याच्या ६९ गुणांत मजूर कुठेच नव्हता. ज्यांनी इथल्या साइटवरचे पत्र्याचे खोपटे पाहिले आहे, त्यांनाच हे सुचू शकते. मात्र तिथेही मजुराकडे पाहिले गेले ते सांभाळण्याचा माणूस म्हणून. त्याला काही ठाऊक आहे, या दृष्टीने नव्हे.

२०१५ साली सौर पट्ट्या बसवणाऱ्या आयटीआयच्या मुलांसाठी 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सुरू झाले आणि त्याच वर्षी हरित रोजगारांसाठी कौशल्य परिषदही निघाली. म्हणजे हात लावणाऱ्याला प्रमाणपत्र देणे अशक्य नाही. अडते ते मानांकनाशी सांधा जोडण्यात. इमारतीच्या गुणपत्रकात आराखडा करणाऱ्याच्या प्रमाणपत्राला एक गुण मिळाला. प्लांट चालवणारा प्रशिक्षित असेल, कायम नोकरीत असेल आणि ब्लोअर बंद करू नका म्हणण्याचा त्याला अधिकार असेल, तर त्यालाही एक गुण का असू नये? माझी मागणी एवढीच आहे. ती फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

ही पद्धत आणणाऱ्यांना मी दोष देत नाही. १९९३च्या त्या बैठकीत सगळ्या व्यवसायांना एका टेबलाशी बसवण्याची कल्पना मोठी होती, आणि तिचा फायदा आम्हालाही झाला. त्या शनिवारांइतके मी एरवी कुठेच शिकलो नाही. पण टेबलाभोवती कोण बसणार, हे पत्र कोणाला मिळते यावर ठरू लागले आणि तिथे कल्पना आखडली.

माझे प्रमाणपत्र मी पुढे नूतनीकरण न करता सोडून दिले. मामा दोन ठेकेदार बदलून शेवटी गावी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी नव्या मुलाला प्लांट शिकवला, तेव्हा मी वही घेऊन शेजारी उभा होतो. ब्लोअर किती तास, गाळ कधी काढायचा, फेसाचा रंग कसा हवा, ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. पाण्याच्या प्रकरणात आठ पाने त्यांची आहेत.

मागच्या पानावरच्या निकालांत सातवी ओळ मी अलीकडे भरली. मामांचे नाव लिहिले आणि गुणांच्या रकान्यात '१' लिहिला.